खाडीकांठचें पोलाद

पेण सोडून गोव्याच्या रस्त्याला लागलें म्हणजे वडखळच्या नाक्यावर वाट दुभंगते. एक फांटा धरमतरच्या पुलावरून अलिबागेकडे जातो. दुसरा नागोठण्याच्या दिशेनें वळतो. या दुसऱ्या फांट्यानें थोडें अंतर जातांच उजव्या हातास, अंबा नदीच्या कांठीं, उंच धुराडीं, झोतभट्ट्यांचे सांगाडे आणि माल वाहून नेणाऱ्या पट्ट्यांच्या लांबच लांब रांगा दिसूं लागतात. हें डोलवी गांव. गणपतीच्या मूर्तींसाठीं, पोह्या-पापडांसाठीं आणि मिठागरांसाठीं जो तालुका महाराष्ट्रांत घरोघर माहीत आहे, त्याच तालुक्यांतील या एका कारखान्याची पोलाद काढण्याची शक्ति २०२१ च्या विस्तारानंतर वर्षास १ कोटि टन इतकी झाली आहे. सबंध ब्राझील देशानें २०२३ सालीं जेवढें कच्चें पोलाद काढलें, त्याच्या जवळ जवळ एक तृतीयांश हा आंकडा भरतो.

शाळेंत असतांना भूगोलाच्या पुस्तकांतून आपण सर्वांनीं एक नियम पाठ केलेला असतो. जेथें लोहखनिज आणि दगडी कोळसा एकमेकांच्या जवळ सांपडतो, तेथें पोलादाचे कारखाने निघतात. जमशेदपूर, राउरकेला, दुर्गापूर, भिलाई हीं नांवें या नियमाचीं उदाहरणें म्हणून आपण घोकलीं. आतां हाच नियम हातीं घेऊन पेणच्या खारेपाटांत शिरलें तर काय दिसतें ? लोहखनिज नाहीं, कोळसा नाहीं, भट्टीला लागणारी चुनखडीही नाहीं. आहे ती भरती-ओहोटीची खाडी, तिच्या कांठचा चिखल, आणि बांध घालून समुद्रापासून मिळविलेलीं भाताचीं खाचरें. मग पोलादाचा एवढा मोठा व्याप येथें कसा उभा राहिला, तो कोणत्या बळावर टिकला, आणि ज्या भूमीवर तो उभा आहे तिचें त्याच्याकडे काय येणें आहे, या तीन प्रश्नांचा विचार, श्रोतेहो, आजच्या भाषणांत करावयाचा आहे.

या कथेचा आरंभ कोंकणांत होत नाहीं. तो चांद्यास होतो. १८८२ सालीं जमशेटजी टाटा यांच्या हातीं एका जर्मन भूगर्भशास्त्रज्ञाचा अहवाल पडला. चांदा जिल्ह्यांत लोहारा येथें उत्तम प्रतीचें लोहखनिज आहे, असें त्यांत म्हटलें होतें. वरोड्याच्या कोळशाच्या खाणी त्याच जिल्ह्यांत. म्हणजे भूगोलाचा नियम पुरा झाला असें कोणासही वाटावें. परंतु वरोड्याच्या कोळशाची परीक्षा करविली तेव्हां तो झोतभट्टीच्या कामाचा नाहीं असें ठरलें. झोतभट्टींत कोळसा केवळ जळण म्हणून लागत नाहीं. त्याचा कोक करून घालावा लागतो. हा कोक उष्णता देतो, खनिजांतील प्राणवायु हिरावून घेतो, आणि वरचा सारा भार स्वतः चुरा न होतां अंगावर पेलतो. असा कोक प्रत्येक कोळशाचा होत नाहीं. पुढें १९०४ सालीं अमेरिकन तज्ज्ञ वेल्ड यांच्या साहाय्यानें दोराबजी टाटांनीं चांद्याचे डोंगर पुन्हां धुंडाळले आणि पुन्हां निराशाच पदरीं आली. हा बेत सोडल्याचें सांगण्याकरितां दोराबजी नागपुरास गेले असतां, अधिकाऱ्याची वाट पाहतां पाहतां ते तेथील संग्रहालयांत शिरले, आणि एका भूगर्भविषयक नकाशावर द्रुग जिल्ह्यांतील लोहखनिजाची खूण त्यांच्या दृष्टीस पडली. शोधाची दिशा तेथून पूर्वेकडे वळली ती साकची गांवीं येऊन थांबली. १९१२ सालीं साकचीस, म्हणजे आजच्या जमशेदपुरास, पहिलें पोलाद निघालें. महाराष्ट्राच्या हातची पहिली संधि ही अशी मुख्यतः कोळशापायीं गेली.

ही अडचण एकट्या चांद्याची नव्हती. दक्षिण अमेरिकेंतील ब्राझील देशाची कथा अशीच आहे. त्याच्या मिनास जेराइस प्रांतांत जगांतील अत्यंत समृद्ध असें लोहखनिज आहे. परंतु कोक होण्याजोगा चांगला कोळसा फार थोडा. म्हणून तेथें लांकडी कोळशावर लहान लहान भट्ट्या चालत आल्या, आणि त्यांच्यासाठीं युकॅलिप्टसचीं वनें लावलीं गेलीं. १९४१ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय पोलाद कंपनीनें व्होल्टा रेडोंडा येथें मोठा कारखाना उभारला व १९४६ सालीं तो चालू झाला. तरी त्याला लागणारा बराचसा कोळसा अमेरिकेहून आगबोटींनीं आणावा लागे. इकडे दुसऱ्या महायुद्धांत होरपळून निघालेल्या जपानपाशीं पुरेसें खनिजही नव्हतें आणि पुरेसा कोळसाही नव्हता. त्यानें १९५३ सालीं चिबा येथें, अगदीं समुद्राच्या कांठावर, भट्टी पेटविली आणि दाखवून दिलें कीं, मोठ्या जहाजांनीं माल स्वस्तांत आणतां येत असेल तर खाण घरांत नसली तरी चालते. बंदर मात्र घरांत हवें. त्याच जपानी कंपनीच्या भागीदारीनें ब्राझीलनें १९८३ सालीं तुबाराव येथें आपला सागरतीरींचा कारखाना चालू केला. भूगोलाचा जुना नियम असा पालटला. खाणीच्या जवळिकीपेक्षां पाण्याच्या वाटेची जवळीक मोलाची ठरूं लागली.

कोंकणाला समुद्र कधींच उणा नव्हता, आणि पोलाद खपविणारें मुंबई शहर तर खाडीच्या पलीकडच्या तीरावर उभें होतें. रस्ते व रेल्वे होण्यापूर्वीं मुंबईचा उतारू आगबोटीनें धरमतरास उतरे आणि मग गाडीरस्त्यानें पेण, नागोठणें, महाड यांची वाट धरी. मग पोलादाच्या बाबतींत कोंकणाची पाळी येण्यास १९९० साल कां उजाडावें लागलें ? याचें उत्तर भूगोलांत नाहीं. तें राज्यकारभाराच्या धोरणांत आहे.

येथें रोह्याची आठवण होते. रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचें घराणें रोह्याचें. १९५० ते १९५६ या काळांत ते भारताचे अर्थमंत्री होते. त्यांच्याच कारकीर्दींत, १९५३ सालीं जर्मनांशीं राउरकेल्याचा व १९५५ सालीं रशियनांशीं भिलाईचा करार झाला. आणि १९५६ च्या एप्रिल महिन्यांत औद्योगिक धोरणाचा जो ठराव झाला त्यानें पोलादाचे नवे मोठे कारखाने काढण्याचें काम सरकारकडे राखून ठेवलें. त्याच वर्षापासून पोलादाची रेल्वेची हंशील सर्व देशभर समान धरण्याची पद्धति सुरू झाली. जमशेदपुरास निघालेलें पोलाद मुंबईस घ्या किंवा मद्रासेस घ्या, भाव तोच. या धोरणामागें न्यायाची दृष्टि होती. खाणीपासून दूर असलेल्या प्रांतांतही कारखानदारी वाढावी, असा तिचा हेतु होता. तिचा लाभ मुंबईच्या यंत्रशाळांना भरपूर झाला. परंतु तिचा दुसरा परिणाम असा कीं, पोलाद मुंबईच्या शेजारीं काढण्यांत कोणासही कांहीं विशेष फायदा उरला नाहीं. ज्या रोह्याच्या सुपुत्रानें देशाच्या तिजोरीच्या किल्ल्या संभाळल्या, त्या रोह्याच्या परिसरांत पोलादाची भट्टी पेटण्यास त्या ठरावानंतर साडेतीन तपें लोटावीं लागलीं. १९९१ सालीं परवान्याची अट गेली, १९९२ सालीं समान हंशिलीची पद्धति गेली, आणि मग खाडीकांठाला किंमत आली.

तथापि केवळ परवाना सुटल्यानें भट्टी पेटत नाहीं. कोळशाची अडचण होती तशीच होती. ती सोडविली समुद्रानें, आणि तीही अनपेक्षित रीतीनें. १९७४ सालीं मुंबईपासून सुमारें १६० किलोमीटर अंतरावर समुद्राच्या तळाखालीं तेल सांपडलें. या बाँबे हाय क्षेत्रांतून तेलाबरोबर नैसर्गिक वायूही मिळूं लागला आणि समुद्रतळावरील नळांवाटे तो उरणच्या किनाऱ्यास पोंचला. त्याच्या भोंवतीं रायगड जिल्ह्याचें रूपच बदललें. थळ येथें खतांचा कारखाना निघाला, नागोठण्यास रसायनांचा निघाला. आणि ज्यांना चांद्यानें कोळशाअभावीं परत पाठविलें होतें त्या लोखंडालाही एक नवी वाट सांपडली.

ही वाट थोडी समजून घेतली पाहिजे. कारण पुढील सर्व इतिहास तिच्यावर अवलंबून आहे. लोहखनिज म्हणजे लोखंड आणि प्राणवायु यांचें घट्ट लग्न. झोतभट्टी हें लग्न वितळवून मोडते. वायूची भट्टी तें न वितळवितां मोडते. नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड यांचें मिश्रण तयार करावयाचें, तें सुमारें ८५० अंश उष्णतेवर खनिजाच्या भाजलेल्या गोळ्यांमधून सोडावयाचें. तो वायु गोळ्यांतील प्राणवायु उचलून नेतो आणि मागें लोखंड राहतें. गोळीचा आकार तोच, परंतु आंतून ती छिद्रमय झालेली. म्हणून तिला स्पंज लोखंड म्हणतात. एक टन लोखंडास सुमारें ३०० घनमीटर वायु पुरतो. कोकाची गरजच नाहीं. मेक्सिको देशांत मॉन्टेरे येथें १९५७ सालीं ही कृति प्रथम व्यापारी प्रमाणावर यशस्वी झाली. १९६९ सालीं अमेरिकेंत ओरेगॉन प्रांतांत मिड्रेक्स नांवाची तिची दुसरी रीति निघाली. आश्चर्य असें कीं, रायगड जिल्ह्याच्या दोन खाड्यांनीं या दोन रीति आपसांत वांटून घेतल्या.

रोह्यावरून वाहत जाणारी कुंडलिका रेवदंड्याजवळ समुद्रास मिळते. तिच्या मुखाशीं, दक्षिण तीरावर, साळाव येथें विक्रम इस्पात या नांवाचा कारखाना १९९३ सालीं चालू झाला. त्याची शक्ति वर्षास ९ लाख टनांची, आणि रीति मेक्सिकोची. येथें पोलाद होत नसे. केवळ स्पंज लोखंड तयार होऊन दुसऱ्या कारखान्यांस विकलें जाई. अशा लोखंडाला हवेंतील ओलावा लागला तर तें गंजतें, तापतें, प्रसंगीं पेटही घेतें. म्हणून साळावच्या भट्टींतून निघालेलें तप्त लोखंड दाबून त्याच्या घट्ट विटा करीत, म्हणजे ते जहाजानें निर्धास्तपणें पाठवितां येई.

पेण तालुक्यांत डोलवीस जो कारखाना निघाला, त्याचा क्रम निराळा होता. निप्पॉन डेन्रो इस्पात ही मित्तल घराण्याची कंपनी १९८० नंतरच्या दशकांत नागपूरजवळ कळमेश्वर येथें जस्ताचा मुलामा दिलेले पत्रे तयार करूं लागली होती. पत्र्याला लागणारी पोलादाची पट्टी तिला बाहेरून विकत घ्यावी लागे. ती आपणच कां काढूं नये, आणि पट्टीला लागणारें लोखंडही आपणच कां करूं नये, या विचारानें ती पत्र्याकडून पोलादाकडे व पोलादाकडून लोखंडाकडे अशी उलट्या पावलांनीं चालत समुद्रापाशीं आली. १९९४ सालीं डोलवीस मिड्रेक्स रीतीची १० लाख टनांची भट्टी चालू झाली. १९९८ सालीं पट्टी लाटण्याची गिरणी चालू झाली. कोंकण रेल्वेही त्याच वर्षीं रोह्यापासून मंगळुरापर्यंत खुली झाली, हा योगायोग लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

या गिरणीचें एक वैशिष्ट्य सांगितलें पाहिजे. जुन्या पद्धतींत पोलादाची सुमारें वीतभर जाडीची लादी ओतून, थंड करून, पुन्हां तापवून मग लाटीत. डोलवीस पहिल्यापासूनच पांच-सहा सेंटिमीटर जाडीची पातळ लादी ओतून ती तशीच तापलेली एका लांब बोगद्यासारख्या भट्टींतून सरळ लाटण्यांकडे नेण्याची व्यवस्था केली. या रीतीचा पहिला कारखाना अमेरिकेंत १९८९ सालीं निघालेला. त्यानंतर अवघ्या नऊ वर्षांत ती पेण तालुक्यांत पोंचली. पोलाद वितळविण्याची भट्टीही अशीच दुहेरी अंगाची घेतली. तिला दोन पात्रें. एकांत विजेच्या कमानीनें स्पंज लोखंड वितळवावें, त्याच वेळीं दुसऱ्यांत प्राणवायूच्या झोतानें पातळ लोखंडांतील कर्ब जाळावा, आणि मग पाळी बदलावी. म्हणजे घन लोखंडही चालतें आणि पातळही चालतें. ही सोय त्या वेळीं केवळ यंत्रशास्त्रज्ञांच्या कौतुकाची वाटली असेल. पुढें तीच कारखान्याची तारक ठरली.

कारण कारखाना पुरा होतो न होतो तोंच काळ फिरला. १९९७ नंतर आशियाच्या आर्थिक संकटामुळें जगभर पोलादाचे भाव कोसळले. डोलवीचा कारखाना उभा होता तो मोठ्या कर्जावर. पोलादाची गिरणी ही कापडाच्या गिरणीसारखी मनास येईल तेव्हां थांबवितां येत नाहीं. भट्टी थंड पडली तर ती पुन्हां चालती करण्याचा खर्च भयंकर, आणि व्याज तर रात्रीही थांबत नाहीं. त्यांतच केवळ वायूवर अवलंबून राहण्याचा धोका दिसूं लागल्यामुळें २००० सालाच्या सुमारास डोलवीस झोतभट्टीही आली. म्हणजे ज्या कोकाच्या अभावीं चांदा मागें पडला, तो कोक आतां परदेशचा कोळसा जाळून का होईना, खाडीच्या वाटेनें मिळवितां येऊं लागला. तरी भाजलेल्या गोळ्या, कोक आणि वीज यांपैकीं पुष्कळ कांहीं बाहेरून विकत घ्यावें लागत असल्यामुळें खर्च उतरेना आणि कर्ज फिटेना. अखेरीस २०१० च्या डिसेंबरांत जिंदालांच्या जे. एस. डब्ल्यू. स्टील कंपनीनें या कारखान्याचा ताबा घेण्याचें जाहीर केलें, आणि २०१३ सालीं तो त्या कंपनींत विलीन झाला.

ताबा बदलतांच दुसरें संकट पुढें उभें राहिलें. बाँबे हायचा वायु उतरणीस लागला होता. पूर्व किनाऱ्यावरील कृष्णा-गोदावरी खोऱ्यांत सांपडलेल्या वायूनें २००९ पासून थोडा दिलासा दिला. परंतु तोही लौकरच आटूं लागला. असलेला वायु आधीं खतांना व विजेला द्यावा, असें सरकारनें ठरविलें, आणि २०११ सालीं पोलादाच्या कारखान्यांच्या वांट्यास कपात आली. परदेशांतून द्रवरूपांत आणलेला वायु मिळत होता, परंतु तो महाग.

या एकाच संकटाचे दोन खाड्यांवर दोन परिणाम झाले, आणि माझ्या मतें या सर्व इतिहासाचा अर्थ त्यांतच सांठविलेला आहे. साळावचा कारखाना सर्वस्वीं वायूवर उभा होता. २००९ सालीं तो ग्रासिम उद्योगाकडून वेलस्पन यांच्याकडे गेला, आणि वायूच्या टंचाईनें व महागाईनें तो चालविणें दुर्घट होऊन २०१४ सालीं डोलवीच्याच मालकांकडे आला. एकवीस वर्षांत तिसरा मालक. उलट डोलवीपाशीं दोन मार्ग होते. स्पंज लोखंड कमी पडलें तर झोतभट्टीचें पातळ लोखंड दुहेरी भट्टींत अधिक घालतां येई. पुढें तेथें ४० लाख टन गोळ्यांचा व १० लाख टन कोकाचा कारखाना निघाला. त्या कंपनीस नांव दिलें तेंही अंबा नदीचेंच. कोकाच्या भट्ट्यांतून जो जळाऊ वायु सुटतो तो शुद्ध करून स्पंज लोखंडाच्या भट्टीस देण्याची व्यवस्था झाली, म्हणजे महाग नैसर्गिक वायूची गरज तेवढी घटली. एका भट्टीचा उच्छ्वास दुसऱ्या भट्टीचा श्वास झाला. २०१० सालीं ३३ लाख टन असलेली शक्ति २०१६ सालीं ५० लाख टनांवर गेली आणि पुढील पांच वर्षांत दुप्पट झाली.

आतां या साऱ्या घडामोडींतून एक गोष्ट बारकाईनें पाहण्यासारखी आहे. परवाना आला, त्यानें नुसती वाट मोकळी केली. वायु आला, तो आटला. कर्ज आलें, त्यानें पहिला मालक बुडविला. तंत्र जर्मनांचें व अमेरिकनांचें, कोळसा परदेशचा. २०२० नंतर ओडिशांतील खाणींचें खनिज पारादीप बंदरांतून साऱ्या हिंदुस्थानला वळसा घालून येथें येऊं लागलें. या यादींतलें पेणचें स्वतःचें असें काय आहे ? एकच वस्तु, ती म्हणजे खाडी. तीस वर्षांत बाकीचें सर्व कांहीं बदललें. खाडी मात्र बदलली नाहीं. दर टन पोलादामागें त्याहून पुष्कळ अधिक वजनाचें खनिज व कोळसा आणावा लागतो. तेवढा माल घाटांतल्या रस्त्यांनीं किंवा एकेरी रेल्वेनें आणावयाचा म्हटला तर हा कारखाना एक वर्षही चालणार नाहीं.

आणि ही खाडी कांहीं चिबा किंवा तुबाराव यांसारखी खोल नाहीं. मोठें जहाज धरमतरास येऊंच शकत नाहीं. तें बाहेर मुंबईच्या पाण्यांत किंवा जयगडच्या बंदरांत थांबतें; माल लहान जहाजांत आणि बार्जांत उतरवितात, आणि भरतीची वेळ साधून ते खाडींत शिरतात. एवढें यंत्रबळ, एवढी वीज, एवढें संगणकाचें ज्ञान. परंतु कच्चा माल केव्हां यावा हें अद्याप समुद्राची भरती-ओहोटीच ठरविते, जसें तें पूर्वीं मिठाच्या आणि भाताच्या गलबतांसाठीं ठरवीत असे.

परंतु खाडी ही कारखान्याची एकट्याची नाहीं. तिच्यांत कोळ्यांचीं जाळीं आहेत, तिच्या कांठीं मिठागरें आहेत, आणि तिच्या पातळीच्याही खालीं, केवळ मातीच्या बांधांच्या भरंवशावर, शेंकडों एकर भातशेती आहे. बार्जांच्या येण्याजाण्यानें उठणारी लाट, खोलीकरणानें बदलणारा प्रवाह, पाण्यांत मिसळणारें सांडपाणी यांची चिंता येथील शेतकऱ्यास वाटणें साहजिक आहे. एकदां बाहेरचा बांध फुटून खारें पाणी शिरलें कीं कित्येक पावसाळे जमीन नापीक होते, हें येथें लहान मुलासही ठाऊक असतें.

उद्योग आणि भूमि यांचा हा प्रश्न या भागास नवा नाहीं. रोह्याच्या कुंडलिकेला उन्हाळ्यांतही पाणी असतें याचें कारण घाटमाथ्यावरील मुळशीचें धरण होय. तें पाणी भिऱ्याच्या वीजघरांत १९२७ पासून वीज उत्पन्न करून खालीं कुंडलिकेंत येतें. धाटावची कारखानदारीही त्याच नदीच्या आधारावर उभी आहे. त्या धरणाखालीं ज्यांचीं शेतें बुडालीं त्या मावळ्यांनीं १९२१ सालीं सत्याग्रह केला आणि सेनापति बापटांनीं त्यासाठीं तुरुंगवास सोसला. रोहें उजळलें, मुंबई उजळली. मुळशीच्या शेतकऱ्याचें येणें मात्र कोणाच्या वहींत नीटसें जमा झालें नाहीं. पेणच्या शेतकऱ्यानें ही गोष्ट विसरलेली नाहीं. २००८ सालीं विशेष आर्थिक क्षेत्रासाठीं जमिनी घेण्याचा बेत झाला, तेव्हां हेटवणें धरणाच्या लाभक्षेत्रांतील २२ गांवांनीं मतदान करून आपला नकार स्पष्ट कळविला. यावरून येथील लोक उद्योगाचे वैरी आहेत असा अर्थ काढणें चुकीचें होईल. पोलादाच्या कारखान्यानें हजारों घरांत चूल पेटविली आहे, हें तेही जाणतात. त्यांचें म्हणणें एवढेंच कीं, हिशेब दोन्ही बाजूंचा मांडावा.

हा हिशेब कसा मांडावा, याची एक जुनी रीत याच मातींत आहे. पूर्वीं कुलाबा जिल्ह्यांत खाजणाची जमीन समुद्रापासून सोडवून घेण्यास जो भांडवल घाली त्यास शिलोत्रदार म्हणत. जमीन कसणाऱ्यांकडून त्याला बिघ्यामागें मणभर भात मिळे. परंतु हा मण त्याला फुकट नव्हता. बाहेरचा समुद्रबांध सदोदित दुरुस्त राखणें हें त्या मणाच्या बदल्यांतलें त्याचें कर्तव्य होतें. बांधाकडे दुर्लक्ष करून मण मात्र वसूल करणारा शिलोत्रदार निघाला, कीं तंटा उभा राही, आणि तो न्याय्य असे.

आज वायूच्या भट्टीला पुन्हां नवें महत्त्व आलें आहे. झोतभट्टीच्या पोलादामागें टनास दोन टनांहून अधिक कर्बवायु हवेंत जातो; वायूच्या रीतीनें तो पुष्कळ कमी होतो; आणि नैसर्गिक वायूऐवजीं शुद्ध हायड्रोजन वापरला तर जवळ जवळ नाहींसा होतो. स्वीडन देशांत २०२१ सालीं असें लोखंड प्रत्यक्ष काढून दाखविलें आहे. ज्या साळावची रीति एकदां हरली असें वाटलें, तीच उद्यां जगाला हवीशी होईल असा संभव आहे. आणि तसें झालें तर रोह्याच्या व पेणच्या खाड्यांवर पुन्हां मोठीं भांडवलें चालून येतील.

तीं यावींत. परंतु येतांना त्यांनीं शिलोत्रीचा जुना करार वाचून यावें. या भूमीपाशीं खनिज नाहीं, कोळसा नाहीं, वायूही उसना होता; तिनें पोलादाला दिली ती आपली खाडी. जो कोणी या खाडीचा मण उचलील, त्यानें तिचा बाहेरचा बांधही राखला पाहिजे.